विकासपत्रावर सगळे ठीक होते, तरी मुलगी शाळेत येईना

हे प्रकरण जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, बोरी नदीच्या खोऱ्यातील एका लहान गावाचे आहे. गावाचे, शाळेचे आणि मुलीचे नाव मी येथे देत नाही. ती मुलगी पुढे मोठी होणार आहे आणि पहिलीतल्या तिच्या एका दुपारची आठवण कोणी तिच्या नावाला चिकटवावी, असे मला वाटत नाही. त्या शाळेत पहिलीचा वर्ग माझ्याकडे आहे. माझे माहेर आणि शिक्षण सोलापूर जिल्ह्यातले. आंतरजिल्हा बदलीने मी खान्देशात आले आणि हे घडले तेव्हा मला येथे येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. ही माहिती आरंभीच देण्याचे कारण असे की, या प्रकरणात जे चुकले त्यातला मोठा भाग मुलीच्या तयारीचा नसून माझ्या तयारीचा होता, आणि तो माझ्या लक्षात येण्यास जून महिना उलटून जावा लागला.

मुलीचे घर

घरी आई, वडील, आजी आणि चौथीत जाणारा मोठा भाऊ. अडीच एकर कोरडवाहू जमीन, तीत कपाशी आणि थोडी तूर. उरलेले दिवस आई-वडील दोघेही मजुरीला जातात. सकाळी सातला आई भाकरी बांधून निघाली की मुलगी आजीच्या ताब्यात असे. अंगणवाडीत तिचे नाव होते आणि ती जातही असे. अंगणवाडीच्या ताई गावातल्याच, मुलांशी अहिराणीतच, म्हणजे खान्देशातल्या घरोघरच्या भाषेतच, बोलणाऱ्या.

वडिलांनी आदल्या वर्षीच तिला पहिलीत घालण्याविषयी विचारले होते. शेजारचा तीन वर्षांचा मुलगा पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातो आणि आपली मुलगी मात्र अंगणात खेळते, हे त्यांना सलत होते. परंतु महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि आदल्या वर्षी ती त्यात बसत नव्हती. ज्या एप्रिलपासून हे प्रकरण सुरू होते, तेव्हा ती पाच वर्षे आठ महिन्यांची होती. ते एक वर्ष वाया गेले असे वडील म्हणत. माझे मत निराळे आहे. त्या वर्षात ती आजीबरोबर धान्य निवडायला, शेरडामागे जायला आणि भांडण झाले तर स्वतः सोडवायला शिकली, आणि यांतल्या प्रत्येक गोष्टीचा तिला पुढे उपयोग झाला.

एप्रिलचा मेळावा

शाळापूर्व तयारी अभियान महाराष्ट्रात २०२२ पासून सुरू आहे. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी त्यात दोन मेळावे घेतले जातात, एक एप्रिलमध्ये आणि दुसरा जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास. मुले पालकांसह एकेका टेबलापाशी जातात: नावनोंदणी, शारीरिक विकास, बौद्धिक विकास, सामाजिक व भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. प्रत्येक मुलाचे एक विकासपत्र असते आणि त्यावर मुलाला काय जमते व कशात अजून मदत लागते, याची नोंद होते. मला हा उपक्रम मनापासून आवडतो. मूल शाळेत येण्याआधी आई शाळेत येते आणि घरी करण्याजोग्या साध्या गोष्टी हातात घेऊन परत जाते, ही यातली खरी ताकद आहे.

त्या दिवशी भाषेचे टेबल माझ्याकडे होते. समोर अंगणाचे चित्र: विहीर, कोंबडी, दारात बसलेली बाई, तारेवर चिमण्या. मी विचारले, "या चित्रात तुला काय काय दिसतं?" मुलगी गप्प. मी चिमणीवर बोट ठेवून विचारले, "हे काय आहे?" ती हळूच म्हणाली, "चिडी." मी हसून म्हटले, "चिमणी म्हणायचं हं." मग बाईच्या लुगड्याचा रंग विचारला. ती म्हणाली, "पिवया." मी पुन्हा दुरुस्त केले, "पिवळा, ळ म्हण बरं." त्यानंतर तिने तोंड उघडले नाही. कोंबडीही नाही, विहीरही नाही. मी प्रेमानेच बोलले होते, आवाज चढवला नव्हता, आणि तरीही दीड मिनिटात मी एका बोलत्या मुलीला गप्प केले होते. विकासपत्रावर भाषेपुढे मी "मदतीची गरज" असे लिहिले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

अहिराणीत चिमणीला चिडी म्हणतात, आणि मराठीतल्या ळ च्या जागी तेथे य येतो: डोळा तो डोया, काळा तो काया, पिवळा तो पिवया. ही उच्चारातली चूक नसून त्या भाषेची रीत आहे. मुलीने दोन्ही उत्तरे अचूक दिली होती.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या डोंगराळ भागात जो शिक्षक जातो, त्याला पहिल्याच दिवशी कळते की समोरची मुले भिली किंवा पावरी बोलतात, आपली मराठी त्यांना समजत नाही आणि त्यांची भाषा आपल्याला समजत नाही. ही अडचण उघड असल्यामुळे तिच्यावर काहीतरी केले जाते, निदान तिची चर्चा होते. अहिराणीचे दुखणे याच्या उलट आहे. ती मराठीला इतकी जवळची वाटते की बाहेरून आलेल्या शिक्षकाला समोर दुसरी भाषा आहे हेच उमगत नाही. मूल मराठीच बोलते आहे, फक्त अशुद्ध बोलते आहे, असे त्याला वाटते. वास्तविक २०११ च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी तीतच येते) ही स्वतंत्र भाषा म्हणून मोजली गेली असून ती मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० हे शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगते. हे धोरण मी प्रशिक्षणात ऐकले होते आणि वहीत उतरवूनही घेतले होते. त्याचा संबंध आपल्या वर्गातल्या "पिवया" शी आहे, हे मात्र मला सुचले नव्हते.

उन्हाळ्यातली तयारी

मेळाव्यानंतर गावात माता गट तयार झाला. सात आया होत्या. बैठकीची वेळ रात्री आठची ठरली, कारण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, बाया पहाटेच कांदा काढणीला निघतात आणि दुपारी कोणी ओट्यावर बसू शकत नाही. दोघींकडेच मोठा मोबाइल होता. कृतींचे संदेश त्यांच्याकडे येत आणि त्या इतरांना वाचून दाखवत. मी आठवड्यातून एकदा जात असे.

मुलीच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा वडिलांनी बाजारातून अंकलिपी आणून ठेवली होती, आणि आई दिवसभराची दमलेली असूनही रात्री मुलीला पाटीवर अ, आ गिरवायला बसवत होती. मुलगी पेन्सिल मुठीत धरी आणि तीन अक्षरांत रडकुंडीला येई. मी पाटी काही दिवस बाजूला ठेवायला सांगितले. ते वडिलांना पटले नाही. मुलीला शाळेत घालायचे आणि शाळेच्याच बाईने पाटी ठेवा म्हणायचे, हे त्यांना विचित्र वाटले. मी त्यांना मुलीची बोटे दाखवली. पेन्सिल तीन बोटांत धरायला जो जोर लागतो, तो गिरवून येत नाही; मळून, चिमटून, ओवून, निवडून येतो, आणि त्याला वेळ लागतो.

त्यासाठी वेगळे साहित्य आणण्याची गरजच पडली नाही. खान्देशात उन्हाळा म्हणजे बिबड्यांचा, शेवयांचा, कुरडयांचा काळ. घरोघरी ज्वारीचा घाटा शिजत असतो आणि अंगणात खाटांवर, जुन्या साड्यांवर वाळवणे पसरलेली असतात. आजीने मुलीकडे उडदाच्या पापडांच्या लाट्या करण्याचे काम दिले. पिठाच्या गुंडाळीतून दोऱ्याने काप पाडायचे, प्रत्येक काप बोटांनी गोल करायचा आणि परातीत दहा-दहाच्या रांगेत मांडायचा. पहिल्या दिवशी रांगा कधी सातच्या, कधी बाराच्या झाल्या. आठवड्यानंतर कमी-जास्त झालेली लाटी ती स्वतःच उचलू लागली. सुपात दादर ज्वारी आणि मूग मिसळून ते वेगळे करणे, मूठभर तुरीतून फुटका दाणा शोधणे, पोळपाटावर काकडीच्या बियांची वेल काढणे, फ्रॉकची बटणे लावणे, अशी कामे त्या ओट्यावर रोज होत होती. आजी हे करताना बोलत असे आणि मुलगी तिला उत्तरे देत असे. गणनपूर्व तयारी म्हणतात ती याहून वेगळी काही नाही.

मे उजाडण्याच्या आधी आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, घरात सांजोऱ्या होतात आणि गौराईची गाणी चालतात. मी संध्याकाळी त्या गल्लीतून जात होते. झोक्यावर मुलीची आत्या उभी होती, खाली चार-पाच मुली फेर धरून होत्या, आणि त्यांत ही मुलगी होती. ती गात होती. एक ओळ नव्हे, एका मागून एक कडवी, न अडखळता, मोठ्या मुलींच्या बरोबरीने, मध्येच एका लहानगीला तिचे शब्द चुकले म्हणून थांबवून सांगत. मी कोपऱ्यावर बराच वेळ उभी राहिले. अंगणवाडीच्या ताई तेथेच होत्या. मी त्यांना म्हटले, "ही मेळाव्यात एक शब्द बोलली नाही हो." त्यांना आश्चर्य वाटले. "ही? मॅडम, अंगणवाडीत तिला गप्प बसवायला आम्हाला दुसरी कामं सोडावी लागतात."

त्या रात्री मी विकासपत्रावरची नोंद बदलण्याचे ठरवले. पण नोंद बदलून मी थांबले, आणि चूक तेथेच राहिली.

जूनचा मेळावा आणि पहिले तीन दिवस

जूनच्या मेळाव्यात मुलीने जवळजवळ सर्व कृती केल्या. दोरीवरून चालली, मणी ओवले, दहापर्यंत वस्तू मोजल्या, लहान-मोठे लावले. भाषेच्या टेबलावर या वेळी गावातलेच एक शिक्षक बसले होते. त्यांच्याशी ती चार वाक्ये बोलली. विकासपत्रावर सगळे रकाने समाधानकारक झाले. वडिलांनी ते पत्र घडी घालून खिशात ठेवले.

१५ जूनला शाळा उघडली. नव्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली, गुलाबाचे फूल, नवी पुस्तके, गोड जेवण. वर्गात सतरा मुले. पहिले दोन दिवस ती खिडकीपाशी बसली, सांगितलेले केले, रडली नाही. शांत मूल म्हणजे रुळलेले मूल, असा आम्हा शिक्षकांचा एक समज असतो आणि तो फार घातक आहे.

तिसऱ्या दिवशी, खिचडी खाऊन झाल्यावर मी फळ्यावर चित्र काढत होते आणि मुले आपापल्या पाटीवर. ती उठून माझ्याजवळ आली आणि माझ्या साडीला हात लावून काहीतरी म्हणाली. आवाज अगदी खालचा, वर्गात गलका. मला "माले" एवढेच ऐकू आले. मला वाटले, ती खडू मागते आहे. मी म्हटले, "हो, देते हं, आधी जागेवर जाऊन बस." ती गेली आणि बसली. पाच-सात मिनिटांनी शेजारचा मुलगा ओरडला आणि सगळा वर्ग वळून पाहू लागला. तिच्या खाली फरशीवर ओल पसरत होती. ती हललीसुद्धा नाही. दोन्ही हातांनी पाटी छातीशी धरून, समोर बघत बसून राहिली. कोणीतरी हसले, आणि मग अनेक जण हसले.

मी तिला बाहेर नेले, स्वच्छ केले, चौथीतून तिच्या भावाला बोलावून घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले.

ओट्यावर काय कळले

आजीने मला पाणी दिले आणि काही वेळ कोणी काही बोलले नाही. मुलगी आतल्या खोलीत, दाराआड. मी विचारले की तिने मला सांगितले का नाही. आजीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली की तिने सांगितले होते. "माले मुताले जानं शे," असे तिने बाईंना जाऊन सांगितले, आणि बाई म्हणाल्या, जागेवर बस. सांगितलेले ऐकायचे, हे आम्हीच तिला शिकवले होते, म्हणून ती बसली.

या वाक्यानंतर मला काय वाटले ते मी येथे लिहीत नाही. पण बसून बोलताना एकेक गोष्ट पुढे आली, आणि त्यांतली एकही विकासपत्राच्या रकान्यात नव्हती.

आमच्या शाळेत मुले लघवीला जायचे असेल तर करंगळी वर करतात आणि "बाई, एकीला जाऊ?" असे विचारतात. वरच्या वर्गातल्या मुलांना ते इतके अंगवळणी पडलेले असते की नव्या मुलांना हे शिकवावे लागते, हे आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आले नव्हते. घरी कोणी "एकी" म्हणत नाही. दुसरे, शाळेच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला लोखंडी दार आहे, आतून कडी आहे आणि आत अंधार असतो. मुलीच्या घरी अंगणात पडदा लावलेली न्हाणी. तिने लोखंडी कडी कधी हाताळली नव्हती. पहिल्या दिवशी ती त्या दारापर्यंत जाऊन परत आली होती, हे तिच्या भावाने आता सांगितले. म्हणजे पहिले दोन दिवस ती घरी जाईपर्यंत धरून बसत होती आणि तिसऱ्या दिवशी ते शक्य झाले नाही, तेव्हा सारे धैर्य एकवटून माझ्याकडे आली होती. तिसरे, ती हट्ट करी तेव्हा घरात तिला शाळेचाच धाक घातला जाई: "बाई मारी." आजीने हे स्वतःहून सांगितले आणि पदर डोळ्यांना लावला. शाळेत शारीरिक शिक्षेला बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ नेच मनाई आहे, हे मी पालक सभेत कितीदा सांगितले असेल. पण पाच वर्षांच्या मुलीला कायदा माहीत नसतो, तिला आजीचे शब्द माहीत असतात.

वडील संतापलेले होते आणि ते योग्यच होते. त्यांनी खिशातून तेच विकासपत्र काढले आणि विचारले, "यात तर सगळं बरोबर लिहिलंय ना, मॅडम?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्यांची आणि आजीची माफी मागितली. मुलगी दाराआडून पाहत होती. तिच्याशी मी त्या दिवशी बोलण्याचा आग्रह धरला नाही. फक्त निघताना, आत न बघता, अहिराणीत म्हटले की चूक बाईची होती, तिची नाही. माझी अहिराणी मोडकी होती. आत कोणीतरी खुदकन हसले. तो भाऊ होता की ती, हे मला कळले नाही.

नंतरचे सहा आठवडे

पुढे जे केले ते सारे लहान लहान होते आणि ते मी क्रमाने ठरवून केले असे म्हणता येणार नाही; एक गोष्ट करताना दुसरी सुचत गेली.

सर्वांत आधी स्वच्छतागृह. रविवारी, शाळेत कोणी नसताना, मी मुलीला, तिच्या आईला आणि आजीला बोलावले. आई आत गेली, बाहेर आली. मग मुलगी आईबरोबर आत गेली. कडी गंजून घट्ट झाली होती. मोठ्यांच्या हातालाही जोर लागे. तिला अडकण्याची भीती वाटत होती ती खोटी नव्हती. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच दिवशी कडीला तेल घालून घेतले आणि मुलींच्या उंचीवर एक साधा आकडा बसवला. छपराचा एक पत्रा काढून पारदर्शक पत्रा लावायला आणखी पंधरा दिवस गेले, पण तो लागला. त्यानंतर, पहिलीच्या सतराही मुलांना दोघा-दोघांच्या जोडीने नेऊन दार उघडणे, लावणे, पाणी टाकणे, हात धुणे याचा सराव घेतला. त्यातून कळले की आणखी पाच मुले त्या दारापर्यंत कधी गेलीच नव्हती. ती रडली नव्हती, त्यांना अपघात झाला नव्हता, म्हणून आमच्या लक्षात आली नव्हती.

मुलगी दहाव्या दिवशी शाळेत आली, भावाचे बोट धरून, आणि पहिला तास त्याला चौथीऐवजी पहिलीत बसू दिले. दुसऱ्या दिवशी तो अर्धा तास बसला, तिसऱ्या दिवशी दारापर्यंत आला. हसलेल्या मुलांना मी रागावले नाही. वर्गात एक गोष्ट सांगितली, ज्यात एका वासराला नव्या गोठ्यात पाणी कोठे आहे ते ठाऊक नसते आणि विचारायचे कसे तेही ठाऊक नसते. मुलांनीच त्याला काय काय सांगायला हवे ते सुचवले. कोणाचे नाव निघाले नाही.

भाषेचे काम सर्वांत लांब चालले, आणि अजूनही चालू आहे. गावातल्या सहकारी शिक्षकांकडून मी रोज पाच वाक्ये शिकू लागले आणि पहिल्या तासाला ती मुलांसमोर म्हणू लागले. "आठे बठ" (इथे बस), "काय जोयजे?" (काय हवे?), "काबरं रडस?" (का रडतेस?). मुले माझे उच्चार दुरुस्त करत. कालपर्यंत मी त्यांना दुरुस्त करत होते. आता सतरा जण मिळून मला "शे" कसे म्हणायचे ते शिकवत होते, आणि त्यात ज्यांचा आवाज मी महिनाभर ऐकला नव्हता तेच पुढे होते. भिंतीवर एक मोठा कागद लावला. त्यावर चित्र, त्याखाली घरचा शब्द आणि त्याच्या शेजारी शाळेचा शब्द: चिडी आणि चिमणी, डोया आणि डोळा. कोणत्याही शब्दावर फुली नाही. शाळेचे मराठी मुलांना आलेच पाहिजे, त्यांची पुस्तके त्या भाषेत आहेत, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. पण ते घरच्या शब्दाला धरून यायला हवे, त्याला खोडून नव्हे.

शुक्रवारी शेवटच्या तासाला एका मुलाची आजी वर्गात येऊन अहिराणीत गोष्ट सांगू लागली. तिसऱ्या शुक्रवारी या मुलीची आजी आली. तिला खुर्ची दिली, पण ती खाली मुलांमध्येच बसली. गोष्ट सांगताना मध्येच ती एक ओळ विसरली, आणि खिडकीजवळून आवाज आला. ती ओळ मुलीने पुरी केली. जूनपासून भर वर्गात तिचा आलेला तो पहिला मोठा आवाज होता.

या काळात पुस्तक मी जवळपास उघडले नाही. पहिलीच्या सुरुवातीचे तीन महिने खेळातून तयारी करून घेणारा विद्याप्रवेश कार्यक्रम त्यासाठीच आहे. वाचन-गणिताचा पाया घालणाऱ्या निपुण भारत या राष्ट्रीय अभियानाचे लक्ष्य तिसरीच्या अखेरीस समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे असे आहे. ते गाठायचे तर शाळेच्या दुसऱ्या आठवड्यात सर्व अक्षरे गिरवून घेतली पाहिजेत, असे कोठेही म्हटलेले नाही. तरी आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या एका बैठकीत मला विचारले गेले की तुमचा वर्ग मागे का. मी वर्गातला भिंतीवरचा कागद आणि मुलांची बोलण्याची नोंद दाखवली. काहींना पटले, काहींना नाही.

जे झाले आणि जे राहिले

श्रावणापर्यंत मुलीची हजेरी नियमित झाली. खान्देशात श्रावणात घरोघरी बसणारी देवी कानबाई उठल्यानंतरच्या सोमवारी तिने वर्गात घरच्या कानबाईचे वर्णन केले, अर्धे अहिराणीत, अर्धे मराठीत, आणि रोट किती झाले ते बोटांवर मोजून सांगितले. सप्टेंबरमध्ये ती स्वतःचे नाव लिहू लागली. पेन्सिल तीन बोटांत, लाट्या करणाऱ्या त्याच बोटांत. वडिलांनी इंग्रजी शाळेचा विषय पुन्हा एकदा काढला. निर्णय त्यांचा आहे. एवढे मात्र मी सांगितले की कोणत्याही शाळेने प्रवेशासाठी मुलांची किंवा पालकांची चाचणी वा मुलाखत घेणे त्याच २००९ च्या कायद्याच्या कलम १३ नुसार मना आहे, आणि शाळा निवडताना आधी तेथील स्वच्छतागृह मुलीला घेऊन पाहावे.

सारे मिटले असे नाही. बाहेरचे कोणी वर्गात आले, मग ते अधिकारी असोत की पाहुणे, की ती अजूनही गप्प होते आणि पाटी छातीशी धरते. ती तशी बसली की मी तपासणी चालू असतानाही तिच्या शेजारी जाऊन बसते. लोखंडी दाराशी ती एकटी जाते, पण दार पूर्ण लावत नाही. बाहेर एक मैत्रीण उभी राहते. मी ते तसेच चालू दिले आहे.

पुढच्या एप्रिलच्या मेळाव्यात आम्ही दोन बदल केले. भाषेच्या टेबलावर अंगणवाडीच्या ताई बसल्या आणि मी त्यांच्या शेजारी, केवळ ऐकायला. आणि टेबलांच्या रांगेनंतर प्रत्येक मूल आईसह मैदान ओलांडून स्वच्छतागृहापर्यंत गेले, आकडा लावून पाहिला, नळ सोडून पाहिला, खिचडीची ताटे कोठे असतात ते पाहिले, आणि एकीला जायचे असेल तर आमच्या शाळेत काय करतात ते शिकले. त्या आकड्यापाशी पहिलीतल्या चार मुली नव्या मुलांना दाखवायला उभ्या केल्या होत्या. ही मुलगी त्यांत तिसरी होती. तिचा आवाज मैदानाच्या या टोकाला मला नीट ऐकू येत नव्हता. एवढे दिसत होते की ती बोलते आहे, आणि एक लहान मुलगा आकडा पुन्हा पुन्हा वर-खाली करत तिच्या तोंडाकडे बघतो आहे.